वस्तीपासूनचं अंतर

रिहे
५ जुलै २०२४

कैलास,

माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच बाजूला टाकशील, म्हणून पत्ता पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतला. फोन तू उचलत नाहीस. रेश्मा उचलते आणि "ते आंघोळीला गेलेत" म्हणते. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ. तुझी बायको आहे, तुला सांभाळून घेते, माझी काही तक्रार नाही.

कामाचं लिहिते. पोल्ट्रीवर नोटीस आली आहे. तू विकलेल्या जागेत जे बंगले झाले, त्या लोकांनी मिळून अर्ज केला. वास येतो, माश्या होतात, राहणं अवघड झालंय, असं त्यात आहे. पौडला कचेरीत साहेबांपुढं सुनावणी व्हायची आहे. तारीख पडली की कळवीन. तू यायचं आणि एवढंच सांगायचं, की शेड आधीची आणि बंगले नंतरचे. बाकी काही बोलू नकोस. माझ्याशीसुद्धा बोलला नाहीस तरी चालेल.

जुनं उकरत नाही, पण मनात असून लिहायचं नाही हे मला जमत नाही. आप्पा गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली नाही म्हणून तू बोलणं टाकलंस. सगळे म्हणाले, बहिणीनं सही करायची असते. दोन पातळं घेऊन सासरहून परत आलेली बाई मी, सही करून कुठं जाणार होते? माझी अर्धी मी घेतली आणि तिच्यावर शेड टाकली. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, मी वाढवते, आणि तयार झाली की तीच गाडी लावून घेऊन जाते. त्यावर मी आजपर्यंत कुणाच्या दारात उभी राहिले नाही. तुझ्याही नाही.

तू तुझी अर्धी विकलीस आणि मारुंजीला खोल्या बांधल्यास, तेव्हा गाव बोललं. चांगला इंद्रायणी भात पिकणारी खाचरं दिली म्हणाले. मी एक शब्द बोलले नाही. त्याची जमीन आहे, त्यानं ठरवावं, असंच सगळ्यांना सांगितलं. आता माझ्या जमिनीवर मी काय करायचं हे पुण्याहून आलेल्या माणसांनी ठरवायचं आणि सरकारनं त्यावर शिक्का मारायचा, हे कुठलं?

वास येतो म्हणतात. पोल्ट्री आहे, उदबत्तीचा कारखाना नाही. पण ते म्हणतात तेवढा नाही येत. मी तर तिथंच राहते.

पावसात घराच्या मागची भिंत ओल धरते आहे. तेवढं सोडलं तर बरं आहे.

आक्का


रिहे
२१ जुलै २०२४

कैलास,

तुझं उत्तर नाही. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, पोचलं असणार, मारुंजीची पत्रं हरवत नाहीत.

परवा बंडोपंत आले होते. बंगलेवाल्यांच्या अर्जावर पहिली सही त्यांची. वीजमंडळातून निवृत्त झालेला माणूस, उंच, जरा वाकलेला. भर पावसात छत्री धरून फाटकापाशी उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. मी पदर खोचूनच गेले.

"रत्नाबाई, आम्हाला तुमच्याशी भांडायचं नाही हो," ते म्हणाले. "पण तुम्ही ही शेड काढणार होता ना? मग नवीन पिल्लं कशाला आणली?"

"मी काढनार व्हते? कोन म्हनलं?"

"तुमचे भाऊ. प्लॉट दाखवायला आणलं, तेव्हा मीच बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? तर म्हणाले, आक्काचं आहे, तात्पुरतं आहे. वर्षाच्या आत निघणार, तिनं मला शब्द दिलाय."

मी म्हणाले, "माज्या भावाशी माजं बोलनंच न्हाई. शब्द कुटनं देनार?"

त्या माणसाची छत्री कलली होती आणि एक खांदा सगळा भिजत होता, त्याचंही त्याला भान नव्हतं. मग हळूच म्हणाला, "आमचं पुण्यातलं राहतं घर विकून आलोय आम्ही."

मला वाटलं होतं, तो आला की मी त्याला चार शब्द सुनावीन. सुनावलं काहीच नाही. फाटक लावून घेतलं आणि आत येऊन बसले.

तू असं सांगितलंस का, कैलास? नसशील, तर दोन ओळी लिही, मी त्यांच्या तोंडावर टाकीन. सांगितलं असशील, तरी लिही. सुनावणी सप्टेंबरात आहे. तारीख पडली की परत कळवते.

शेडवर कामाला येणारे बुधा आणि तानुबाई भाताच्या लावणीला गेलेत, त्यामुळं शेडचं सगळं मीच बघते. पाणी, खाद्य, दिवे. काम असलं की बरं वाटतं.

आक्का


रिहे
१६ ऑगस्ट २०२४

कैलास,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी लिहिली नाही.

बंडोपंत गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बंगल्यावर गेले होते. भांडायलाच. त्यांची बायको एकटी घरात होती. गौतमीताई नाव. शाळेत शिकवायच्या, आता दम्यानं थकल्यात. खिडक्या सगळ्या बंद, आत दमट, आणि बाई खुर्चीत बसून श्वास घेतायत तो दारातून ऐकू येत होता. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी बसायला सांगितलं. उठून चहा केला. कप माझ्यापुढं ठेवला आणि त्यावर लगेच बशी पालथी घातली. बशीवर माश्या बसल्या. एक दोन नव्हे, बशीचा पांढरा रंग दिसेना. बाईंनी हात हलवून उडवल्या, परत बसल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, बहुतेक मला लाज वाटू नये म्हणून. मी बशी काढून एका दमात चहा प्याले आणि घरी आले.

त्या दिवशी अंगणात उभी राहून मी मुद्दाम नाक वर करून वास घेतला. मला काहीच आला नाही. इतक्या वर्षांत माझं नाकच मेलं असणार.

तेव्हापासून जे सुचेल ते केलं. पाखरांखालचं ओलं तूस सगळं उपसून काढलं, कोरडं टाकलं, चुना मारला, जाळ्या लावल्या. खत रोज उचलून लांबच्या खाचरात नेते. माश्या कमी झाल्यात. पाऊस जरा लागून राहिला की परत होतात. दुसरी शेड मी बंगले झाल्यावर वाढवली, हे तुला ठाऊक नसेल. ती वाढवायला नको होती, असं कधी कधी वाटतं. पण मग वाटतं, का नको? माझीच जागा होती.

गौतमीताई आता ऊन पडलं की कुंपणापर्यंत येतात. त्या तिकडून, मी इकडून, असं उभ्याउभ्या बोलतो. त्यांचा मुलगा परदेशात असतो. तुझं कोण आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भाऊ आहे मारुंजीला, भाची आहे. भाचीचं लग्न कधी, असं विचारलं. होईल, म्हटलं.

रोहिणीचं लग्न झालं हे मला ठाऊक आहे. कंपनीच्या सुपरवायझरनं मोबाइलवर फोटो दाखवला. त्याचा कोणी मित्र वऱ्हाडात होता. शालू छान दिसत होता तिला. त्या पोरीला मी माझ्या पाठुंगळीला घेऊन भात झोडला आहे, पण ते असो. पत्रिका छापताना तुझ्या मनात काय होतं ते तुलाच माहीत.

सुनावणी १० सप्टेंबरला आहे. एवढं कामाचं.

संध्याकाळी शेडमधले दिवे लावले की पाखरांचा आवाज बसत बसत जातो. आधी सगळी एकदम कलकल करतात, मग एकेक गप्प होतं. पुरतं शांत होईपर्यंत मी तिथं पायरीवर बसते. घरात जाऊन काय करायचं?

आक्का


रिहे
१३ सप्टेंबर २०२४

कैलास,

तू तिथं होतास, तरी लिहिते. तू खाली मान घालून बसला होतास, त्यामुळं सगळं दिसलं नसेल.

तू येताना दिसलास तेव्हा मला किती बरं वाटलं, ते आता लिहायला नको. केस काळे केलेस. पांढरा शर्ट, तो आप्पा घालायचे तसा, मोठ्या कॉलरचा. मी बाजूच्या माणसाला म्हणाले, "त्यो माजा भाऊ हाय." तू माझ्या बाजूला बसला नाहीस, पलीकडच्या बाकावर बंडोपंतांच्या मागं बसलास, तरी मला समजलं नाही. वाटलं, जागा नसेल.

साहेबांनी मला आधी विचारलं. मी सांगितलं, की जमीन माझ्या बापाची, माझ्या वाट्याची, सातबारा माझ्या नावावर. ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन शेड टाकली. तेव्हा आजूबाजूला नुसतं भात होतं.

साहेब तरुण होते, आवाज चढवून बोलत नव्हते. म्हणाले, "बाई, जमीन तुमची आहे, यात वाद नाही. पण तुमच्या जमिनीतला वास तुमच्या हद्दीत थांबत नाही ना."

मी म्हणाले, "सायेब, मी व्हते तितंच हाय. हद्द म्या सरकवली न्हाई. वस्ती चालत माज्याकडं आली."

यावर मागं कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाले, "तेही खरं आहे."

मग तुला विचारलं. तू उठलास आणि म्हणालास, "आक्कानं मला शब्द दिला व्हता, शेड वर्षात काढते म्हनून. त्या भरवशावर मी प्लॉट दिले."

माझ्याकडं न बघता म्हणालास. मला आधी वाटलं, तू दुसऱ्याच कुणाच्या आक्काबद्दल बोलतोयस. अंगातून ताप निघून गेल्यावर होतं तसं झालं, गार गार. मग मी उठले. मी उठेन असं तुला वाटलं नव्हतं, हे तुझ्या मानेवरून कळलं मला.

"खोटं बोलतोय त्यो," मी म्हणाले. "सायेब, ह्यो माजा पाठचा भाऊ हाय आन खोटं बोलतोय. आप्पा गेल्यापास्नं ह्यो माज्याशी एक अक्षर बोलला न्हाई. शब्द द्यायला समोर मानूस लागतं."

बंडोपंतांनी वळून तुझ्याकडं बघितलं. तू बसलास.

आणि मग साहेब काय म्हणाले ते तरी ऐकलंस का तू? म्हणाले, "कोणी कोणाला शब्द दिला, हे मला बघायचं नाही. आधी कोण आलं, हेही नाही. वस्तीपासून जेवढं अंतर लागतं तेवढं आज नाही. दुसऱ्या शेडला तर कसलीच परवानगी नाही. तिथं आता माणसं राहतात, त्यांना त्रास होतोय. बंगल्यांना परवानगी देणाऱ्यांनी शेजारी काय आहे हे बघायला हवं होतं, ते मी माझ्या आदेशात लिहीन. पण लिहिल्यानं अंतर वाढत नाही." आत्ताची पाखरं वाढवून द्यायची, त्यानंतर नवीन आणायची नाहीत, असा निकाल दिला.

म्हणजे तू खोटं बोलला नसतास, तरी हेच झालं असतं. तू खरं बोलला असतास, तरी हेच. तुझ्या माझ्या बोलण्याला तिथं काही किंमतच नव्हती. मी तुला चारचौघांत खोटा ठरवला, तो कशासाठी? बसमध्ये येताना मी हाच विचार करत होते.

कचेरीबाहेर तू गाडीपाशी थांबला होतास. "आक्का, मला दुसरा रस्ता न्हवता," म्हणालास. "ती लोकं माज्यावर केस करायला निघाली व्हती. शेड तर तशीबी जानारच व्हती."

"म्हनून माज्या तोंडात शब्द घातलास व्हय?"

तू किल्ली बोटात फिरवत राहिलास. मग म्हणालास, "चल, सोडतो रिह्यात." इतक्या वर्षांनी माझ्याशी बोललास ते एवढंच. मी नको म्हणाले आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले.

घोटवड्याच्या फाट्यापर्यंत तुझी गाडी आमच्या बसच्या मागंच होती. मी मागच्या सीटवर बसले होते, काचेतून दिसत होतास. रस्ता मोकळा होता, बसला ओलांडून गेला असतास तरी चाललं असतं. तू ओलांडलं नाहीस. फाट्यावर वळलास तेव्हा मी हात वर केला होता, पण काच मळलेली होती. तुला दिसला नसणार.

आक्का


रिहे
२ डिसेंबर २०२४

कैलास,

शेवटची पाखरं ऑक्टोबरात गेली. कंपनीची गाडी आली, माणसांनी भराभर क्रेट भरले आणि गाडी गेली. सुपरवायझर चांगला पोरगा आहे, जाताना पाया पडला. बुधा आणि तानुबाई आता माले गावी एका फार्महाऊसवर कामाला जातात. तानुबाई म्हणाली, "बाय, तू बी चल, तितं स्वैपाकाला बाई पायजे." मी बघते म्हणाले. माझ्या स्वतःच्या जमिनीवरून उठून दुसऱ्याच्या बंगल्यात भाकरी थापायला जायचं, याला अजून मन तयार नाही. उद्या होईलसुद्धा.

घर इतकं गप्प झालं आहे, की पहिले काही दिवस मला झोप लागेना. मुद्दाम रेडिओ लावून ठेवायचे. गौतमीताईंनी मात्र खिडक्या उघडल्यात. माझ्या ओट्यावरून त्यांचे पडदे हलताना दिसतात. तो चांगला वाटला मला देखावा, खोटं का बोलू. आणि त्याच वेळी वाटलं, की हा वारा माझ्या रिकाम्या शेडवरून जातोय. दोन्ही एकदमच वाटलं. कुठलं खरं ते मला सांगता येणार नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते.

परवा बंडोपंत एका वकिलाला घेऊन आले. या वेळी ते घरात आले, खाली सतरंजीवर बसले. बंगलेवाले सगळे मिळून तुझ्यावर फसवणुकीचा दावा लावतायत. त्यांना माझ्याकडून लिहून हवं होतं, की मी तुला शेड काढायचा शब्द कधीच दिला नव्हता. कचेरीत बोललेच होते, तेच परत, शिक्क्याच्या कागदावर.

वकील भराभर वाचत होता. बंडोपंतांनी त्याला थांबवलं. म्हणाले, "रत्नाबाई, तुमचा धंदा आम्ही बंद केला. आता तुमच्याकडून हे मागायला मला लाज वाटते. तुम्ही नाही म्हणालात तरी मी उठून जाईन, मनात काही ठेवणार नाही."

मी म्हणाले, उद्या या.

रात्रभर जागले वगैरे काही नाही, नीट झोपले. सकाळी भाकरी केली, खाल्ली, मग विचार केला. तुला वाचवायचं, तर मला असं सांगावं लागणार, की मी शब्द दिला होता. म्हणजे शब्द देऊन फिरलेली बाई मी. सासर सुटलं, तू सुटलास, धंदा गेला. गावात माझं म्हणून एवढंच उरलंय, की रत्ना बोलली म्हणजे बोलली. ते मी तुला देऊ शकत नाही. गप्प बसावं, सही नको, नकारही नको, असंही मनात आलं. पण त्या माणसानं राहतं घर विकलं आहे, आणि तुझ्या खोट्यात माझं नाव आहे. मी गप्प बसले, तर ते खोटं माझंही होतं.

मी काल सही केली.

नोटीस वकिलाकडून तुला येईल. तिच्या आधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहितेय. माझ्यामागून काही केलं असं तुला वाटू नये. तू बंडोपंतांना भेट. वकील न घेता भेट. तो ऐकून घेणारा माणूस आहे. चुकलं म्हणालास, तर कोर्टाच्या आधी मिटेल, असं मला वाटतं. माझ्या ओट्यावर बसून बोला वाटलं तर. मी चहा टाकून आत जाईन.

सही झाल्यावर गौतमीताईंनी कुंपणावरून जेवायला बोलावलं. मी गेले नाही. आज ह्या गावात मला जेवायला बोलावणारं एकच घर आहे, आणि ते त्यांचं आहे. याचं हसू येतं आणि कधी कधी नाही येत.

माझी जागाही त्यांना विकत हवी आहे. बाग करायची म्हणतात. मी नाही म्हणाले. तिथं मी काय करणार ते ठरलेलं नाही. या उन्हाळ्यात नुसती पडून राहील.

तुझ्या पत्राची वाट बघायची मी आता सोडली आहे. येत्या सोमवारी मी मारुंजीला येतेय. दुपारची बस धरीन. तुझं घर कुठं आहे ते मी पाहिलेलं नाही, पण विचारत विचारत सापडेल. रेश्मानं तू आंघोळीला गेलास असं सांगितलं, तर मी बाहेर थांबेन. भांडायला येत नाही. सही परत घ्यायलाही येत नाही. रोहिणीसाठी एक पातळ घेतलंय, ते द्यायचंय, आणि तुझं तोंड बघायचंय.

दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. घर तुझं आहे.

आक्का